अक्काचं मौन

नणंदेच्या कपाळाला कुंकू लावताना रेश्माचं बोट चटका बसल्यासारखं मागं आलं.

अंजना आणि तिचा नवरा नानासो आत्ताच तासगावच्या गाडीनं मिरजेत उतरले होते. दवाखान्यामागच्या बोळातल्या या दोन भाड्याच्या खोल्यांत कुंडल गावचं हे कुटुंब दिवाळीपासून येऊन राहिलं होतं. दारात रेश्मानं नणंदेच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि करंडा पुढं केला. आज संध्याकाळी अंजनाला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. उद्या सकाळी तिची एक किडनी काढून तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे रेश्माच्या नवऱ्याला, धैर्यशीलला बसवायची होती. आणि तिचं कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं.

"वन्सं, कणकण हाय का अंगात?" रेश्मानं हळूच विचारलं.

अंजनानं मान हलवली. नाही. ओठ मिटलेलेच.

"मौन हाय तिचं," धोंडुबाई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून म्हणाल्या. "आपरेशन हुईस्तवर. औंधला यमाईपुढं धरलंय. कुणी तिला बोलतं करू नगा."

रेश्मानं करंडा मिटला. सासूबाईंच्या व्रताबद्दल या घरात कुणी चकार शब्द काढत नसे. चातुर्मासात त्या मीठ सोडत, सोमवारी एकदाच जेवत, आणि लेकाचा आजार कळल्यापासून त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती. त्या मौन म्हणाल्या म्हणजे मौन. क्षणभर रेश्माला आपल्याच बोटाची लाज वाटली. उन्हातून आलेलं माणूस, कपाळ तापायचंच.

"औंधवरनं आल्यापास्नं एक शबूद न्हाई," नानासो भिंतीला टेकत म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावरच रुसलीया. पर खोटं कशाला बोलू, घरात लय निवांत वाटतंय."

"पाव्हणं, आमच्यात बी एखादं मौन द्या पाठवून," रेश्माचे सासरे सयाजी सुभेदार पत्नीकडं, धोंडुबाईंकडं, न बघता म्हणाले. फौजेतून येऊन बारा-पंधरा वर्षं झाली तरी ते खुर्चीत ताठच बसत.

सगळे हसले. त्या हसण्यात अंजनानं पदर तोंडावर धरला. तीही हसतेय असंच कुणालाही वाटलं असतं. पण रेश्मा जवळ उभी होती. पदराआड खोल छातीतून उठलेली कोरडी उबळ नणंद दाबून धरत होती. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हादरले, आणि आवाज मात्र बाहेर आला नाही.

धोंडुबाईंनी ते पाहिलं. रेश्मानं पाहिलं हेही त्यांनी पाहिलं.

*

"आत्या, वन्सास्नी ताप हाय."

"हळू बोल." धोंडुबाईंनी स्टोला पंप मारायला सुरुवात केली. त्या आवाजाच्या आडोशानं त्या बोलल्या. "गोळी दिलीया. उतरंल घंट्याभरात."

"मंजी तुमास्नी ठावं हाय?"

धोंडुबाई पंप मारत राहिल्या.

"आन् मौन?"

"घसा बसलाय तिचा. बोलली की कळतंय. मग औंधवरनं निघतानाच मी म्हटलं, मौन हाय म्हणून सांगू."

रेश्मा तिथंच खाली बसली. सासूबाई खोटं बोलल्या याचं तिला तेवढं नवल वाटलं नाही; अडल्यावर माणूस बोलतं. पण देवीचं नाव पुढं करून, न धरलेलं व्रत धरलं म्हणून सांगणं, तेही या बाईनं?

"पौर्णिमेला वलेत्यानं डोंगर चढवला तिला," धोंडुबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पायथ्याला गार पाण्याची घागर वतली अंगावर. वारं सुटलं व्हतं. म्हटलं, अंगातला तुकडा काढून द्यायचा हाय, त्या आदी देवीच्या पायरीला लागू दे अंग. तितंच बाधलं. माझंच चुकलं. पर आता त्येची शिक्षा माज्या लेकाला नगं."

"डॉक्टरांस्नी सांगाया पायजे."

"सांग." धोंडुबाईंनी मान वर केली. "सांग जा. मंग ते म्हणत्याल, फुडं ढकलू. पुण्याचं डॉक्टर आज खास येत्यात, ते परत कवा येत्याल? म्हैन्यात तासगावला द्राक्षाची तोड सुरू हुती. अंजीच्या सासूनं आदीच सांगितलंय, तोडीच्या आत काय ते उरका. एकदा का ती घरला गेली की परत कोण सोडतंय तिला? आन् धैर्याच्या हाताची शीर? तुलाच लय कळतंय तिच्यातलं."

तेवढं बोलताना धोंडुबाईंना ठसका लागला. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

रेश्मा उठून बाहेरच्या खोलीत आली. धैर्यशील खाटेवर उशाला टेकून बसला होता. कारखान्याच्या शेती खात्यात असताना मोटारसायकलवर उसाचे फड पालथे घालणारा हा माणूस आता संडासापर्यंत जाऊन आला तरी घामाघूम होत असे. डायलिसिससाठी डाव्या हातात केलेली शीर दिवाळीत बंद पडली. आता उजवी होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत घुरघुर लागे, मांजराच्या गळ्यात असते तशी. ती आहे तोवर मशीन रक्त धुऊ शकत होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या रेश्मा देवाच्या आधी त्या मनगटाला हात लावी. गेले काही दिवस घुरघुर बारीक झाली होती. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं, नवऱ्याला नाही.

आत्ताही तिनं बोट ठेवलं. होती. बारीक.

सयाजीरावांना साखर होती, धोंडुबाईंचं आणि रेश्माचं रक्त जुळत नव्हतं. जुळली ती एकटी अंजना.

"अक्का आन् मौन," धैर्यशील हसत म्हणाला. त्याचा चेहरा सुजलेला होता, तरी हसू जुनंच होतं. "शाळंत असताना मास्तरांनी तोंडावर बोट ठेवून उभं केलं, तर बोटाच्या आडनं बोलत व्हती. अक्के, ये की हितं बस माज्याजवळ."

अंजना जागची हलली नाही. तिनं लांबूनच हात जोडल्यासारखे केले.

तिला स्वतःलाच जवळ जायची भीती वाटतेय, रेश्माच्या मनात आलं. मग ती बोलत का नाही? आणि लगेच दुसरा विचार आला, आपण तरी कुठं बोलतोय?

*

धैर्यशीलला खोलीवर ठेवून आले होते; दवाखान्यात तपासायच्या खोलीत बाकी सगळेच शिरले. नर्स ओरडली, पण डॉक्टर हळबे म्हणाले, असू दे. सरकारचा अवयवदानाचा नवा कायदा आल्यापासून सही, साक्षीदार, नातं, सगळं सगळ्यांच्या समोर विचारून घ्यायची त्यांची रीत होती.

"अंजनाताई, ताप, खोकला, सर्दी काही?"

अंजनानं मान हलवली.

"मौन हाय तिचं, डॉक्टर," धोंडुबाई म्हणाल्या.

"बरं, बरं." हळब्यांना देवाधर्माच्या माणसांची सवय होती. नर्सनं थर्मामीटर काढून उजेडात धरलं आणि म्हणाली, नॉर्मल. डॉक्टरांनी नळी कानाला लावली, पाठीवर दोन ठिकाणी टेकवली. अंजनानं श्वास आत ओढून घेतला आणि धरला. डॉक्टरांचा हात थोडा थांबला. "श्वास सोडा," ते म्हणाले.

अंजना सोडेना. सोडला की उबळ येणार होती.

रेश्मा दाराशी उभी होती. गप्प राहायला काहीच करावं लागत नव्हतं. आणखी थोडा वेळ असंच उभं राहायचं, की उद्या सकाळी धैर्यशील आत जाणार, दुपारी बाहेर येणार, आणि त्याच्या हाताला परत सुई लागणार नाही. तिनं हे किती वेळा डोळ्यांपुढं आणलं होतं. पण प्रत्येक वेळी त्या चित्रात अंजनाचा चेहरा कोरडा, थंड कपाळाचा होता.

"वन्सास्नी ताप हाय," ती म्हणाली. "हितं यायच्या आदी गोळी दिलीया. मौन न्हाई काय. घसा बसलाय त्यांचा."

अंजनाचा धरलेला श्वास सुटला आणि खोकल्याची अशी लाट आली की ती टेबलाची कड धरून वाकली.

नानासोनं आधी बायकोकडं पाहिलं, मग सासूकडं. "मला बी मौनच सांगितलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. म्हणूनच सयाजीरावांनी खाली पाहिलं.

डॉक्टरांनी अंजनाला बसवलं, घसा पाहिला, छाती परत तपासली, या वेळी सावकाश. "फ्लूसारखं दिसतंय. विषाणूचा ताप. सध्या सगळीकडं साथ आहे," ते म्हणाले. "उद्याचं ऑपरेशन होणार नाही."

"आवं डॉक्टर," धोंडुबाई पुढं आल्या. "खोकला छातीत हाय. किडनी खाली कमरंत. तिच्या किडनीला काय झालंय? ती चांगली हाय न्हवं?"

हळबे हसतील असं रेश्माला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. "आई, प्रश्न बरोबर आहे तुमचा. हा विषाणू बहुतेक नाकात, घशात, छातीत राहतो. फुफ्फुस बसवायचं असतं तर मी विचारसुद्धा केला नसता. किडनीचं तसं नाही. कदाचित तिच्यात काहीच गेलेलं नसेल."

"मंग?"

"कदाचित, म्हणालो मी. नक्की कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. परदेशात असा आजार झालेल्या माणसाचा अवयव एखाद्या वेळी घेतात. पण तो माणूस मेलेला असतो, आणि घेणारा मरायला टेकलेला. तिथं थांबायला वेळच नसतो. इथं देणारी जिवंत आहे. आज नाही तर पुढं देता येईल." त्यांनी धैर्यशीलच्या फायलीवर हात ठेवला. "किडनी बसवली की त्याच्या अंगाची रोगाशी लढायची ताकद औषधांनी झोपवावी लागते, नाहीतर शरीर परकी किडनी टिकू देत नाही. त्या अवस्थेत त्याला साधी सर्दीसुद्धा न्यूमोनिया होऊन बसेल. आणि या ताईंना अशी छाती भरलेली असताना भूल दिली तर त्यांच्याही जिवाला धोका. दोन भावंडं मी एकदम टेबलावर कशी घालू?"

"आन् थांबलो तर?" सयाजीराव पहिल्यांदाच बोलले. "शीर टिकंल त्याची?"

"टिकावी," हळबे म्हणाले. "तोही कदाचितच आहे. पण दोन्हीत मी हा घेईन."

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला?"

नेमका तेव्हाच धोंडुबाईंना ठसका लागला.

"तुम्हाला कधीपासून?"

"माजा साधाच हाय. वाऱ्याचा."

"कधीपासून?"

"औंधला जायच्या आदीपास्नं," धोंडुबाई म्हणाल्या. "धर्मशाळंत अंजी आन् मी एकाच वाकळंत निजलो. परसाद बी माज्याच हातानं भरवला तिला." मग घाईघाईनं म्हणाल्या, "पर तिला पाण्यानंच बाधलं. वलेत्यानं चढली ती."

"गार पाण्यानं हा ताप येत नाही, आई. माणसाकडून माणसाला जातो." डॉक्टरांचा आवाज मऊ होता. "धैर्यशीलजवळ कोण बसतं दिवसभर?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात नानासोनं बायकोची पिशवी उचलली. "चल. शेवटची गाडी घावंल."

"जावा घेऊन," धोंडुबाई रेश्माकडं बघत म्हणाल्या. "हिच्या मनासारखं झालं. आता बसंल नवऱ्याचं मनगट धरून."

"तू गप," सयाजीराव म्हणाले. एवढंच. पण सुनेच्या आणि बायकोच्या मध्ये ते येऊन उभे राहिले होते, रेश्माच्या बाजूला. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"मी न्हाई येणार," अंजना म्हणाली. फाटक्या पत्र्यासारखा आवाज. तरीही ती बोलत राहिली. "नुसतं आईनं सांगितलं म्हणून गप बसले असं न्हाई. मला बी वाटलं, जाईल खपून. धैर्याची शीर बगितली मी मागल्या खेपंला. रेश्मा, तू बोललीस ते बरं केलंस. माज्यानं झालं नसतं."

"तोड हाय म्हैन्यावर," नानासो म्हणाला.

"तुमी बगा."

"आन् माज्या आईला काय सांगू?"

"मौन धरा," अंजना म्हणाली आणि परत खोकू लागली.

नानासो पिशवी घेऊन तसाच बाहेर पडला. रस्त्यापलीकडं चहाचा गाडा होता. त्यानं चहा सांगितला आणि प्यायला विसरला. सगळ्यांना वाटत होतं, याला द्राक्षाची पडलीय. वाटू दे. सासुरवाडीत द्राक्षाचं नाव पुढं करणं सोपं होतं. खरं होतं ते वेगळंच. किडनी द्यायला हो म्हटल्यापासून तो रात्री दचकून उठत होता. पांढऱ्या चादरीखाली अंजना दिसत होती आणि डॉक्टर म्हणत होते, उठत नाहीत. आज ती श्वास धरून बसली होती. तशीच भूल दिली असती तर? आणि ते त्याच्यापासूनही लपवलं होतं.

एक मन म्हणत होतं, आत्ता निघालं तर कुणी दोष देणार नाही. डॉक्टरांनीच नको म्हटलंय. हे कारण परत मिळायचं नाही.

त्यानं चहाचे पैसे दिले, परत आला, आणि सयाजीरावांसमोर पिशवी खाली ठेवली.

"मामा, डावण्या रोग आल्याल्या येलाची काडी आमी रोपाला घेत न्हाई. येल बरा हुईस्तवर थांबतो. डॉक्टर त्येच म्हणत्यात न्हवं?" त्यानं घसा खाकरला. "हितंच बोळात आणखी एक खोली बगतो. हिला येगळं ठिवाया लागंल. मी ऱ्हातो संगं. तोडीला भाऊ हाय."

"दाजींची बाग काय म्हणंल?" संध्याकाळी खोलीवर हे सगळं ऐकल्यावर धैर्यशील म्हणाला. मग त्यानं दाराच्या दिशेनं आवाज दिला, "अक्के, सुटलं व्हय तुजं मौन? मला वाटलं उद्यापास्नं तुजी किडनी घिऊन मी बी बडबड्या हुतोय."

बोळातून फाटका आवाज आला, "हुशील, हुशील. थांब जरा."

त्यावर तो हसला, पण रेश्माचा हात त्यानं घट्ट धरून ठेवला. तिला कळलं की तो घाबरलाय.

*

त्या संध्याकाळी धोंडुबाई आत आल्याच नाहीत.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं होतं की खोकला असेल त्यानं पेशंटपासून लांब राहावं. लांब म्हणजे किती, ते धोंडुबाईंनी स्वतः ठरवलं. उंबऱ्याबाहेर, पायरीवर. तिथं त्यांनी घोंगडं अंथरलं, आपला तांब्या आणि ताट वेगळं काढून घेतलं, तोंडाला पदर बांधला आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या.

आयुष्यभर त्यांनी देवीला सांगून, चार बायकांत बोलून व्रतं धरली होती. हे कुणाला सांगितलं नाही. यमाईलाही नाही. तिच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? तिचं नाव घेऊन त्या खोटं बोलल्या होत्या. आणि लेकीच्या अंगावर ओतलेल्या त्या घागरीत पाप शोधत बसल्या होत्या, तेव्हा ते त्यांच्याच वाकळेत, त्यांच्याच हातातल्या प्रसादात होतं. लेकाचं डोकं मांडीवर घेऊन त्या रोज बसत होत्या. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं असतं तर उद्याही बसल्या असत्या, त्याला वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर वाकून.

सुनेशी त्या बोलल्या नाहीत. रेश्मानं ताट बाहेर आणून ठेवलं, तेव्हा त्यांनी मान वळवली. सकाळी मात्र, आत पाण्याच्या बादलीचा आवाज झाला, तसं त्यांना राहवलं नाही.

"रेश्मा."

"जी."

"शीर बोलती का गं?"

आत बादली खाली टेकली. मग, "बोलती, आत्या."

त्यानंतर ते रोजचंच झालं. बोळाच्या टोकाच्या खोलीतून अंजनाचा खोकला ऐकू यायचा. तो किती लांबतोय ते धोंडुबाई कान देऊन ऐकायच्या. ताप उतरला, मग घसा सुटला. नानासो सकाळी किटलीतून गरम पाणी नेताना सांगून जायचा, "मामी, आज रातीला कमी हुता." धोंडुबाईंचा स्वतःचा खोकला तर आधीच थांबला होता. सयाजीराव म्हणाले, आता ये आत. त्या म्हणाल्या, अंजीचा थांबू दे. थंडीत पायरीवर बसून त्यांचे गुडघे धरले होते. मशीनला जायच्या दिवशी लेकाला रिक्षात बसवताना त्या भिंतीकडं सरकून वाट देत, आणि त्याची सावली अंगावरून गेली की तेवढ्यानं त्यांचे डोळे भरत.

"आई, आता काय वलेत्यानं बसलीयास का हितं?" एकदा तो जाता जाता म्हणाला. त्यांनी पदराआडून हसायचा प्रयत्न केला.

एका सकाळी बोळाच्या टोकाकडून काहीच आवाज आला नाही. धोंडुबाई कान देऊन बसल्या. नानासो किटली घेऊन आला, पायरीशी थांबला आणि म्हणाला, "रातभर एकदा बी न्हाई, मामी. डॉक्टरांनी आज तपासाया बोलवलंय."

धोंडुबाईंनी पदर तोंडावरून खाली घेतला. मग, घाई झाल्यासारखं, दाराकडं तोंड करून विचारलं, "रेश्मा, शीर बोलती का?"

आतून उत्तर आलं नाही.

त्या भिंतीला धरून उठल्या. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि पाय तिथंच थांबला. आत खाटेशी रेश्मा वाकली होती. एक बोट नवऱ्याच्या मनगटावर, मग दोन, मग तिनं कानच टेकवला. नानासो किटली हातात घेऊन उभा राहिला. सयाजीराव खुर्चीत ताठ, डोळे मिटून. धोंडुबाईंनी चौकट घट्ट धरली. मौन कशाला म्हणतात ते त्यांना त्या वेळी कळलं.

"हाय," रेश्मा म्हणाली. मान वर न करता. "लय बारीक हाय, आत्या. पर हाय. तुमी बगा या हात लावून."

धोंडुबाई उंबरा ओलांडून आत आल्या.